सूज उतरेपर्यंत थांबण्याचा सल्ला आला कुठून?

पित्ताशयातल्या खड्यांमुळे पोटात कळ उठली, ताप आला, की कोल्हापूरकडच्या घरांत अजूनही एक सल्ला हमखास मिळतो: सलाईन, इंजेक्शनं घेऊन आधी सूज उतरू दे, ऑपरेशनचं दीड-दोन महिन्यांनी बघू. हा सल्ला कुणी मनानं काढलेला नाही. एकेकाळी सर्जनच असं सांगत.

पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये बर्लिनला केली. दुर्बिणीतून ती पहिल्यांदा १९८५ मध्ये एरिख म्यूहे यांनी केली, तीही जर्मनीतच. भारतात हे तंत्र १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी आणलं. पण ताज्या सुजेत दुर्बीण लावायची नाही, असा सुरुवातीचा दंडक होता, आणि त्यामागची भीती खरी होती. सुजलेलं पित्ताशय तट्ट फुगलेलं असतं, चिमट्यात नीट धरता येत नाही, हात लागेल तिथून रक्त येतं. अशा गर्दीत यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी मुख्य पित्तनलिका चुकून कापली गेली तर रुग्णाचं पुढचं आयुष्यच बदलून जातं. पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, त्याची नळी आणि त्याची रक्तवाहिनी, स्पष्ट दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही, हा अमेरिकी सर्जन स्ट्रॅसबर्ग यांचा १९९५ मधला नियम त्याच भीतीतून घट्ट रुजला.

थांबण्याची किंमत मात्र उशिरा लक्षात आली. पहिल्या दोन-तीन दिवसांतली सूज पाणीदार असते आणि थर सुटे व्हायला उलट तिची मदतच होते. पुढे सगळं एकमेकांना चिकटतं, आणि काही आठवड्यांनी तिथे घट्ट व्रण तयार होतो. २०१३ मध्ये जर्मनीतून ६१८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दाखल झाल्यापासून २४ तासांत ऑपरेशन झालेल्यांत गुंतागुंत ११.८ टक्के होती, तर ७ ते ४५ दिवस थांबलेल्यांत ३४.४ टक्के. पित्ताशयाच्या सुजेवरच्या आंतरराष्ट्रीय टोकियो मार्गदर्शक तत्त्वांमध्येही आधी कळ उठल्यापासून ७२ तासांच्या मुदतीवर भर होता; २०१८ च्या आवृत्तीत रुग्ण सोसू शकणार असेल तर तास न मोजता लवकर ऑपरेशन करावं, असं आलं.

मग प्रश्न उरला की अवघड कुणाचं जाणार? २००९ मध्ये रंधावा आणि पुजाहारी या भारतीय सर्जनांनी पंधरा गुणांचा तक्ता मांडला; गुण जितके जास्त, तितकं ऑपरेशन अवघड. पन्नाशीपुढचं वय, पुरुष असणं, वजन, पोटावरचे जुने टाके, हाताला लागणारं पित्ताशय, सोनोग्राफीत ४ मिलिमीटरहून जाड भिंत, भोवती पाणी, तोंडाशी अडकलेला खडा यांना प्रत्येकी एक-दोन गुण. पण याच सुजेसाठी पूर्वी दाखल झालेल्याला एकदम चार! मला या तक्त्यातली हीच ओळ सगळ्यात बोलकी वाटते. ज्या थांबण्याला आपण सावधगिरी म्हणत होतो, त्यातूनच पुढचं ऑपरेशन अवघड होत होतं.

आपल्या जिल्ह्यात हे फार लागू पडतं. चंदगडच्या एखाद्या वाडीत रात्री जेवणानंतर कळ उठते. पित्त झालं म्हणून गोळी. दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांचं इंजेक्शन. तिसऱ्या दिवशी गडहिंग्लजला सोनोग्राफी, आणि तिथून कोल्हापूरला थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआर या सरकारी रुग्णालयात, येईपर्यंत ७२ तास उलटलेले. कळ नेमकी कधी उठली, हे सांगणारा नातेवाईक आणि जुने सोनोग्राफीचे रिपोर्ट अशा वेळी मोलाचे असतात.

गुण जास्त निघाले म्हणजे ऑपरेशन रद्द, असं मात्र नाही. अनुभवी सर्जनचा हात लागेल, रक्ताची सोय करून ठेवावी लागेल, हे त्यावरून आधी ठरवता येतं. पित्ताशयाचा काही भाग आत ठेवावा लागेल किंवा पोट उघडावं लागेल, हेही घरच्यांना संमतीच्या वेळीच सांगता येतं. पित्तनलिका वाचवण्यासाठी पोट उघडलं, तर ते ऑपरेशन बिघडलं असं समजू नये.