पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं

नाणं टाकून चालणाऱ्या जुन्या फोटो-बूथबद्दल एक समज पक्का असतो: आत कुठेतरी निगेटिव्हचा रोल साठत असणार. मुळात निगेटिव्ह नसतंच. अनातोल जोसेफोने १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर सुरू केलेल्या फोटोमॅटनमध्ये २५ सेंटला आठ फोटो मिळत, तेही थेट कागदावर. पट्टी हरवली की फोटो गेला.

गंमत आहे ती रसायनात. लेन्ससमोरचा प्रिझम डाव्या-उजव्याची अदलाबदल सरळ करतो आणि उजेड कागदावरच्या सिल्व्हर ब्रोमाइडवर, म्हणजे उजेडाने बदलणाऱ्या चांदीच्या क्षारावर पडतो. कापलेली पट्टी यांत्रिक हाताच्या चिमट्यात लटकून एकेका टाकीत बुचकळ्या खात जाते. पहिल्या डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, उजेड लागलेल्या ब्रोमाइडची काळी चांदी होते. या घटकेला गाल काळे, केस पांढरे. पुढे ब्लीच, म्हणजे पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्ल. ते ही चांदी विरघळवतं, पण उरलेल्या ब्रोमाइडला हात लावत नाही. सोडियम सल्फाइटमध्ये ब्लीचचा पिवळा डाग निघतो. मग उरलेल्या ब्रोमाइडवर दिव्याचा उजेड पाडायचा आणि दुसऱ्या डेव्हलपरने त्याचीही चांदी करायची. आता केस काळे, गाल उजळ! ब्रोमाइड शिल्लकच राहत नाही, म्हणून उरलेलं ब्रोमाइड धुऊन काढणारं हायपोही लागत नाही. तीन-चार मिनिटांत ओलसर पट्टी बाहेर.

ब्लीचमध्ये गंधकाम्लाऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल का चालत नाही? क्लोराइड भेटलं की सुटलेली चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन कागदातच बसते आणि दुसऱ्या डेव्हलपरमध्ये काळी पडते. नळाच्या पाण्यातलं क्लोराइडही हाच घोळ घालतं, त्यामुळे ब्लीच डिस्टिल्ड पाण्यातच करायचं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. डायक्रोमेट कर्करोगकारक आहे, हातमोजे हवेतच.

पट्टी काळपट आली की जुने बूथ जमवणारा नवखा संग्राहक म्हणतो, डेव्हलपर जास्त कडक झाला. उलट आहे! पहिला डेव्हलपर थकला किंवा थंड पडला की चांदी कमी बनते, ब्लीचला काढायला कमी उरते आणि जास्तीचं ब्रोमाइड शेवटी काळं होतं. पांढरे भाग मळकट राहिले तर दोष ब्लीचचा. जुन्या बूथच्या फोटोत ‘आत्मा’ असतो असं कौतुकाने सांगतात. तो पुष्कळदा संपत आलेल्या ब्लीचचा करडेपणा असतो.

असा कागद आता सहज मिळत नाही. तेव्हा चाचणीची पट्टी वाया घालवण्याआधी पहिल्या टाकीत थर्मामीटर बुडवून बघावा.