अठरावं वर्ष, व्होल्टाकाठची शाळा आणि मोहम्मद कुडुस

५ ऑगस्ट २०१८ रोजी डेन्मार्कच्या लीगमध्ये ब्राँडबी आणि एफसी नॉर्डशेलँड यांचा सामना झाला. नॉर्डशेलँड ०-२ असा हरला. एरवी हा सामना कुणाच्या लक्षातही राहिला नसता. पण त्या दिवशी नॉर्डशेलँडकडून पहिल्यांदाच उतरलेला मुलगा घानाच्या अक्रा शहरातला होता आणि तीनच दिवसांपूर्वी, २ ऑगस्टला, त्याला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. तो मोहम्मद कुडुस. पुढे जुलै २०२५ मध्ये इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबने त्याच्यासाठी तिथल्याच वेस्ट हॅम क्लबला सुमारे साडेपाच कोटी पौंड मोजले.

गरीब वस्तीतला पोरगा, अंगात जादू, थेट प्रीमियर लीग, अशी कुडुसची गोष्ट सहसा सांगितली जाते. मला ती फार अपुरी वाटते. वाढदिवस आणि पहिला सामना यांच्यात तीनच दिवस असण्यामागे एक नियम आहे. त्या नियमामागे आधीच्या पिढीची फरफट आहे, आणि मधली सहा वर्षं एका निवासी शाळेत गेलेली आहेत. हे समजून घेतल्याशिवाय आजचा आफ्रिकन तरुण व्यावसायिक खेळाडू कसा घडतो ते कळत नाही.

सुरुवात निमापासून करायला हवी. उत्तर घानातून आणि शेजारच्या देशांतून आलेल्या, बहुतांशी मुस्लिम कुटुंबांच्या वस्त्यांना घानात झोंगो म्हणतात. निमा ही अक्रामधली अशीच एक दाट, गजबजलेली वस्ती. मैदान मिळणं अवघड, त्यामुळे पोरं रस्त्यावर खेळतात. या खेळाचं नावच ‘गटर टू गटर’. रस्त्याच्या या कडेच्या उघड्या गटारापासून समोरच्या गटारापर्यंतचा पट्टा म्हणजे मैदान. गोल इवलासा, आणि अंगाला अंग भिडल्याशिवाय वळायलाही जागा नाही. पाठीवर बचावपटू घेऊन डाव्या पायाने गर्रकन वळण्याची कुडुसची लकब पाहिली की ती इथलीच आहे असं मला नेहमी वाटतं. मार्च २०२४ मध्ये वेस्ट हॅमकडून जर्मनीच्या फ्रायबर्गविरुद्ध त्याने स्वतःच्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन, एकेकाला चुकवत केलेला गोल पाहा. भोवती एवढं मोकळं गवत असूनही तो गल्लीत धावल्यासारखा धावतो.

वयोगटाप्रमाणे चालणाऱ्या मोहल्ला फुटबॉलला घानात कोल्ट्स म्हणतात. कुडुस तिथे स्ट्राँग टॉवर नावाच्या छोट्या क्लबकडून खेळायचा.

अक्रा आणि युरोपातलं व्यावसायिक फुटबॉल यांचं नातं मात्र त्याच्याहून फार जुनं आहे. १८६५ मध्ये अक्राच्या जेम्सटाउन भागात जन्मलेला आर्थर व्हॉर्टन हा जगातला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू मानला जातो. तो गोलरक्षक होता. १८८९ मध्ये तो रॉदरहॅम टाउनकडून पैसे घेऊन खेळू लागला. त्याआधी १०० यार्डांची शर्यत त्याने १० सेकंदांत जिंकली होती. घाना तेव्हा गोल्ड कोस्ट नावाची ब्रिटिश वसाहत होती.

१९५७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि फुटबॉल हे पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांच्या राजकारणाचं महत्त्वाचं अंग बनलं. राष्ट्रीय संघाचं नाव ब्लॅक स्टार्स. सी. के. जम्फी १९६० मध्ये जर्मनीत फोर्टुना ड्युसेलडॉर्फकडून खेळले आणि मायदेशी परतून प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली घानाने १९६३, १९६५ आणि १९८२ मध्ये आफ्रिका चषक जिंकला. पण १९६६ च्या विश्वचषकात आफ्रिकेला एकही हक्काची जागा नव्हती, म्हणून आफ्रिकी देशांनी त्या स्पर्धेवर बहिष्कार टाकला. जागतिक बाजाराने या खेळाडूंकडे उशिरा पाहिलं, यात नवल नाही.

पाहिलं तेव्हा मात्र अधाशासारखं पाहिलं. १९९१ मध्ये इटलीत झालेला सतरा वर्षांखालील विश्वचषक घानाने अंतिम फेरीत स्पेनला १-० असं हरवून जिंकला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला नी लँप्टी. खुद्द पेले यांनी त्याला आपला वारस म्हटलं होतं. वयाच्या सोळाव्या वर्षी तो बेल्जियमच्या अँडरलेख्टकडून खेळत होता. तिथे तो कसा पोहोचला, हे त्याने स्वतःच पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. घरी न सांगता तो टॅक्सीने लागोसला गेला. नायजेरियाचा कर्णधार स्टीफन केशी तेव्हा अँडरलेख्टमध्येच होता. त्याच्या मदतीने, त्याचाच मुलगा असल्याच्या कागदपत्रांवर लँप्टी विमानात बसला.

त्यानंतर नेदरलँड्समध्ये पीएसव्ही, इंग्लंडमध्ये अॅस्टन व्हिला आणि कॉव्हेंट्री, मग इटली, अर्जेंटिना, तुर्कस्तान, पोर्तुगाल, जर्मनी, चीन. क्लबांची यादी वाढत गेली आणि खेळ आटत गेला. लँप्टीला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढे ठेवलेल्या करारांवर त्याने ते न वाचता सह्या केल्या आणि आपण स्वतःला कुठे, किती वर्षांसाठी बांधून घेतलंय हे त्याला नंतर कळत गेलं. खेळ संपल्यावर त्याने अक्रामध्ये शाळा काढली.  आफ्रिकन फुटबॉलच्या इतिहासात मला याहून बोलकी घटना सापडत नाही.

लँप्टी निदान क्लबपर्यंत तरी पोहोचला. युरोपियन न्यायालयाच्या १५ डिसेंबर १९९५ च्या बोसमन निकालाने युरोपियन युनियनमधल्या खेळाडूंवरची संख्येची मर्यादा उठली आणि क्लबांकडे परदेशी खेळाडूंसाठी जागा मोकळ्या झाल्या. स्वस्तात खेळाडू मिळवायचा तर आफ्रिका जवळची. मग तोतया एजंटांचं पेव फुटलं. हे लोक घरच्यांकडून चाचणीच्या नावाखाली पैसे घेत, जमीन-दागिने विकायला लावत, पोराला पर्यटक व्हिसावर पॅरिस किंवा ब्रसेल्सला नेत आणि क्लबने नाकारलं की तिथेच सोडून देत. कॅमेरूनचे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू झां-क्लोद एम्बवूमँ यांनी अशा मुलांसाठी २००० साली फ्रान्समध्ये फूट सॉलिडेअर ही संस्था उभारली. यातली बहुतेक मुलं ना खेळात राहिली ना शाळेत.

या सगळ्याचा दबाव वाढल्यावर फिफाने २००१ मध्ये बदलीचे नियम नव्याने बांधले. अठरा वर्षांखालील खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय बदलीला मोजके अपवाद सोडून बंदी आली. आजच्या नियमावलीतलं हे कलम १९. दुसरी तरतूद पैशांची. करार चालू असताना खेळाडूची बदली झाली की रकमेतला ५ टक्के वाटा त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या सगळ्या क्लबांत वाटायचा. कुडुसच्या पहिल्या सामन्याची तारीख वाढदिवसाला चिकटून येते ती या नियमांच्या काळात वाढल्यामुळे.

पोरांना नेता येत नाही म्हटल्यावर क्लब आणि गुंतवणूकदारच आफ्रिकेत आले. वाट आधीच दिसलेली होती. फ्रेंच प्रशिक्षक झां-मार्क गियू यांनी १९९० च्या दशकात आयव्हरी कोस्टमध्ये असेक मिमोसास क्लबसोबत अकादमी चालवली. कोलो आणि याया टूरे, सालोमन कालू, जर्विन्हो, इमॅन्युएल एबुए ही सगळी तिथलीच मुलं. १९९९ मध्ये असेकने या कोवळ्या पोरांनाच आफ्रिकन सुपर कपमध्ये उतरवलं आणि त्यांनी ट्युनिसच्या एस्पेरान्सला हरवलं. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या फेयेनूर्डने घानात फेत्ते इथे अकादमी उघडली.

आणि १९९९ मध्येच टॉम व्हर्नन या इंग्रज माणसाने अक्रामध्ये राइट टू ड्रीम सुरू केली. व्हर्नन पुढे मँचेस्टर युनायटेडसाठी आफ्रिकेत खेळाडू हेरायचं काम करायचे. मूठभर मुलांपासून सुरू झालेली ही अकादमी नंतर व्होल्टा नदीच्या काठी ओल्ड अक्राडे इथे निवासी शाळा म्हणून वसली. दिवसाची आखणी वर्ग आणि सराव अशी दोन्हींची. खेळात पुढे गेला नाही तरी मुलगा शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजात जाऊ शकतो, आणि बरेच गेलेही. मुलींसाठीही तिथे निवासी अकादमी आहे. कुडुस बाराव्या वर्षी निमा सोडून इथे आला.

मला लँप्टी आणि कुडुस यांच्यातलं अंतर इथे दिसतं. गुणवत्तेत लँप्टी कुठेच कमी नव्हता. कुडुसला मात्र, करार समोर येण्याआधी, तो वाचता येईल असं शिक्षण मिळालं.

२०१५ च्या अखेरीस राइट टू ड्रीमने नॉर्डशेलँड हा क्लबच विकत घेतला. घानातल्या अकादमीने युरोपातला क्लब घेणं हे तोवर न ऐकलेलं होतं. व्होल्टाकाठचा मुलगा अठरा वर्षांचा झाला की नॉर्डशेलँडच्या गावी, फारुममध्ये, त्याची जागा तयार. ओळखीचे प्रशिक्षक, ओळखीची खेळाची पद्धत, आणि ड्रेसिंग रूममध्ये आधी गेलेले मित्र. कमालदीन सुलेमाना, अर्नेस्ट नुआमा आणि आयव्हरी कोस्टचा सिमॉन अदिंग्रा याच वाटेने गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात नायजेरियाविरुद्ध दोन्ही गोलांचे पास देणारा तोच हा अदिंग्रा.

कुडुसने २०१९-२० च्या हंगामात डॅनिश लीगमध्ये ११ गोल केले. जुलै २०२० मध्ये नेदरलँड्सच्या आयाक्सने त्याला सुमारे ९० लाख युरोंना घेतलं. ऑक्टोबरमध्ये लिव्हरपूलविरुद्ध चॅम्पियन्स लीगमधला त्याचा पहिला सामना होता आणि नवव्या मिनिटालाच गुडघा दुखावून तो बाहेर पडला. पुढची दोन वर्षं दुखापती आणि बाकावर बसण्यात गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये, आघाडीवर खेळायला मिळाल्यावर, अॅनफिल्ड या लिव्हरपूलच्या मैदानावर त्याच संघाविरुद्ध त्याचा डाव्या पायाचा फटका गोलच्या आडव्या दांड्याला लागून आत गेला. सामना आयाक्सने गमावला, पण कुडुस आता सगळ्यांच्या तोंडी होता.

दोनच महिन्यांनी कतारमध्ये विश्वचषक. २८ नोव्हेंबरला दक्षिण कोरियाविरुद्ध ३४ व्या मिनिटाला त्याने डोक्याने गोल केला. कोरियाने २-२ अशी बरोबरी साधल्यावर ६८ व्या मिनिटाला सहकारी इन्याकी विल्यम्सचा पाय हुकला, चेंडू मागे आला आणि कुडुसने तो खालून कोपऱ्यात घातला. घाना ३-२ ने जिंकला. ऑगस्ट २०२३ मध्ये वेस्ट हॅमने त्याच्यासाठी सुमारे ३ कोटी ८० लाख पौंड दिले.

आता पैशाचं बघू. बदलीच्या रकमेतून १२ ते १५ वयाच्या प्रत्येक हंगामासाठी पाव टक्का आणि त्यापुढच्या प्रत्येक हंगामासाठी अर्धा टक्का, असा खेळाडू घडवणाऱ्या क्लबांचा तो ५ टक्के वाटा पडतो. साडेपाच कोटी पौंडांच्या व्यवहारात पाव टक्का म्हणजे १ लाख ३७ हजार ५०० पौंड. कोल्ट्सच्या एखाद्या क्लबला एवढ्या पैशांत कित्येक वर्षं बूट, चेंडू आणि प्रवासखर्च निघेल. पण ते मिळायला क्लबची नोंदणी हवी, मुलाची नोंद हवी, तारखा जुळायला हव्यात. गल्लीतल्या क्लबांकडे बहुधा यातलं काहीच नसतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये फिफाने पॅरिसला क्लिअरिंग हाउस सुरू केलं, त्यामुळे वाटप आपोआप होऊ लागलं आहे, पण तेही जिथे नोंद आहे तिथेच. अशा क्लबांची कागदपत्रं नीट करून देणं हे घानाच्या फुटबॉल संघटनेचं पहिलं काम असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

या वाटेवर सगळ्यांना युरोप लाभत नाही, हे गोव्यातल्या आणि मुंबईतल्या फुटबॉलवेड्यांना वेगळं सांगायला नको. घानाचा युसूफ याकुबू चर्चिल ब्रदर्स आणि महिंद्रा युनायटेडकडून खेळला, नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सने धेंपोसाठी आणि ओडाफा ओकोलीने चर्चिलसाठी गोलांच्या राशी घातल्या. त्यांच्या आडनावांचा जयघोष मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये झाला आहे. तोही या स्थलांतराच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि युरोपातल्या लेखनात तो जवळपास येतच नाही.

राइट टू ड्रीमची मालकी २०२१ पासून इजिप्तच्या मन्सूर समूहाकडे आहे. इजिप्तमध्येही तिची अकादमी आहे, आणि २०२५ पासून अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये सॅन डिएगो एफसी हा तिचा नवा संघ उतरला आहे. व्होल्टाकाठच्या मुलापुढे आता डेन्मार्कखेरीज आणखी एक दार आहे. मात्र दार कधी उघडायचं हे ठरवणारे घानाबाहेर बसतात, आणि घानाच्या स्वतःच्या लीगमध्ये यातले बहुतेक जण एकही सामना न खेळता निघून जातात. कुडुसही असाच गेला. २०२५ च्या आफ्रिका चषकासाठी घाना पात्रही ठरला नाही. १२ ऑक्टोबर २०२५ ला मात्र अक्राच्या मैदानावर कोमोरोसविरुद्ध उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच कुडुसने सामन्यातला एकमेव गोल केला आणि २०२६ च्या विश्वचषकातली घानाची जागा पक्की झाली.