टॉडमॉर्डनची शाळा, एक शिक्षक आणि दोन नोबेल

इंग्लंडमधील जुन्या ग्रामर स्कूलचा विषय निघाला की ग्रँथमच्या किंग्ज स्कूलचे नाव हमखास येते, कारण आयझॅक न्यूटन १६५५ साली त्या शाळेत दाखल झाला. तथापि त्या काळी अशा शाळांत मुख्यतः लॅटिन शिकवले जाई, त्यामुळे न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाचे किंवा प्रकाशशास्त्राचे श्रेय शाळेच्या पदरात टाकणे जरा धाडसाचेच ठरेल. शाळेतील विज्ञानाचा वर्ग आणि पुढे मिळालेले नोबेल पारितोषिक यांच्यातला धागा खरोखर तपासायचा असेल, तर त्यासाठी अधिक योग्य उदाहरण टॉडमॉर्डन या लहानशा गिरणी-गावातील माध्यमिक शाळेचे आहे. पुढे टॉडमॉर्डन ग्रामर स्कूल म्हणून ओळखल्या गेलेल्या या शाळेच्या दोन विद्यार्थ्यांना नोबेल मिळाले: १९५१ साली जॉन कॉकक्रॉफ्ट यांना भौतिकशास्त्राचे आणि १९७३ साली जेफ्री विल्किन्सन यांना रसायनशास्त्राचे. दोघांच्या वयात चोवीस वर्षांचे अंतर होते, तरी दोघांना भौतिकशास्त्र शिकवणारे शिक्षक एकच होते. त्यांचे नाव ल्यूक सटक्लिफ.

टॉडमॉर्डन हे पेनाइन डोंगरांमधल्या अरुंद खोऱ्यात वसलेले गाव आहे. लँकाशायर आणि यॉर्कशायर या परगण्यांची सीमा १८८८ पर्यंत या गावाच्या मधोमध, अगदी तेथील टाउन हॉलच्या इमारतीखालून जात असे. गावाचा सारा व्यवहार सुती कापडावर चालत होता. अशा गावातील मुलाने प्राथमिक शाळा संपवून गिरणीत जावे, ही तेथील रीत होती. ही रीत मोडायला दोन सरकारी निर्णय कारणीभूत झाले. १९०२ च्या शिक्षण कायद्याने स्थानिक परिषदांना सार्वजनिक पैशातून माध्यमिक शाळा चालवण्याचा अधिकार मिळाला, आणि १९०७ च्या नियमांनुसार पूर्ण अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळांना आपल्या सुमारे चतुर्थांश जागा प्राथमिक शाळांतून आलेल्या मुलांसाठी विनाशुल्क ठेवणे भाग पडले. नोबेल विजेत्यांच्या चरित्रांत असल्या नियमांना सहसा अर्ध्या ओळीचीही जागा मिळत नाही. माझ्या मते टॉडमॉर्डनच्या कहाणीत त्यांचा वाटा सटक्लिफ यांच्याइतकाच मोठा आहे.

कॉकक्रॉफ्ट यांचा जन्म २७ मे १८९७ चा. पाच भावंडांत ते थोरले होते आणि घरची सूतगिरणी होती, म्हणजे पैशाची अडचण त्यांना फारशी नव्हती. १९०९ ते १९१४ या काळात ते या शाळेत शिकले. एलिझाबेथ क्रॅबट्री यांची आणि त्यांची ओळख याच शाळेत झाली आणि १९२५ साली दोघांचे लग्न झाले. शाळेनंतर परगण्याची शिष्यवृत्ती घेऊन ते गणित शिकण्यासाठी मँचेस्टरला गेले, तेथे अर्नेस्ट रदरफर्ड यांची व्याख्याने त्यांनी ऐकली, आणि लगोलग पहिल्या महायुद्धात तोफखान्याचे संदेशवाहक म्हणून दाखल झाले. युद्ध संपल्यावर त्यांनी केलेली निवड पुढच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. थेट शुद्ध विज्ञानाकडे न वळता त्यांनी मँचेस्टरमध्येच विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स या कंपनीत उमेदवारी केली, आणि त्यानंतरच केंब्रिज गाठून गणिताची पदवी मिळवली. रदरफर्ड तेव्हा प्रमुख असलेल्या केंब्रिजमधील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत सिद्धान्तही समजणारी आणि ट्रान्सफॉर्मरही हाताळू शकणारी माणसे मोजकीच होती, आणि कॉकक्रॉफ्ट त्यांपैकी एक होते.

त्या काळची अडचण अशी होती. रदरफर्ड यांनी नायट्रोजनच्या अणुकेंद्रावर अल्फा कण, म्हणजे हेलियमची अणुकेंद्रे, आदळवून त्यात बदल घडवून आणता येतो हे दाखवले होते. परंतु ते अल्फा कण नैसर्गिक किरणोत्सारी पदार्थांतून येत, त्यांची संख्या अत्यल्प असे आणि त्यांची ऊर्जा आपल्या इच्छेनुसार कमीजास्त करता येत नसे. त्यांच्याऐवजी यंत्राने प्रोटॉनना वेग देता आला असता, पण अणुकेंद्र आणि प्रोटॉन या दोहोंवर धनभार असल्यामुळे ते परस्परांना दूर लोटतात, आणि हा विरोध मोडून काढण्यासाठी कित्येक दशलक्ष व्होल्टचा विद्युतदाब लागेल असा हिशेब होता. एवढा दाब पेलणारे यंत्र तेव्हा कोणाकडेच नव्हते. १९२८ साली भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमॉव्ह यांनी पुंजयांत्रिकीच्या, म्हणजे अणूंच्या पातळीवरील नियमांच्या शास्त्राच्या, आधारे दाखवून दिले की कणाला हा अडथळा ओलांडून जाण्याचीच गरज नसते. पुरेशी ऊर्जा नसतानाही तो अडथळ्याच्या आरपार निघून जाण्याची काही शक्यता असते. कॉकक्रॉफ्ट यांनी गॅमॉव्हचे गणित प्रोटॉनला लावून पाहिले, तेव्हा बोरॉनसारख्या हलक्या मूलद्रव्याच्या केंद्रात शिरण्यासाठी तीन लाख व्होल्टच्या आसपासचा दाबही पुरेल असे उत्तर आले. आवाक्याबाहेरची गोष्ट एका हिशेबाने आवाक्यात आली. रदरफर्ड यांनी विद्यापीठाकडून एक हजार पौंड मिळवून दिले आणि अर्नेस्ट वॉल्टन या आयरिश सहकाऱ्याबरोबर काम सुरू झाले.

त्यांनी उभारलेल्या विद्युत मंडलाची (सर्किटची) रचना पाहण्यासारखी आहे. ट्रान्सफॉर्मरमधून मिळणारा दोन लाख व्होल्टचा प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा, दाब, एकाच दिशेने विजेला वाट देणाऱ्या नळ्या आणि वीज साठवणारे कपॅसिटर यांच्या एकावर एक रचलेल्या शिडीला जोडला जाई. प्रत्यावर्ती विजेच्या प्रत्येक आवर्तनात खालच्या कपॅसिटरमधला भार थोडा थोडा वरच्या पायरीकडे ढकलला जाई, आणि त्या नळ्या त्याला मागे फिरू देत नसत. अशा रीतीने शिडीच्या टोकाशी मूळ दाबाच्या सुमारे चौपट, आणि तोही स्थिर, दाब तयार होई. प्रत्यक्षात सात लाख व्होल्टपर्यंत मजल गेली. प्रोटॉन ज्यातून धावत ती काचेची उभी नळी निर्वात ठेवणे हे मात्र रोजचे भांडण होते. हवा शिरणारे सांधे लहान मुलांच्या खेळण्यातल्या प्लॅस्टिसीनने बुजवले जात.

१४ एप्रिल १९३२ रोजी वॉल्टन यंत्र चालू करून, उच्च दाबाच्या भागापासून अंग वाचवण्यासाठी जमिनीलगत रांगत, नळीच्या तळाशी असलेल्या शिसे लावलेल्या छोट्या खोपटात शिरले. तेथे कण आदळला की चमकणारा झिंक सल्फाइडचा पडदा लावलेला होता आणि तो सूक्ष्मदर्शकातून पाहायचा होता. लिथियमच्या पत्र्यावर प्रोटॉन आदळत होते आणि पडद्यावर लखलखत्या ठिणग्या उमटत होत्या. वॉल्टन यांनी कॉकक्रॉफ्टना बोलावले, मग दोघांनी रदरफर्डना. धिप्पाड देहाचे रदरफर्ड त्या खोपटात कसेबसे मावले, पण आत बसल्याबसल्या त्यांनी ओळखले की या ठिणग्या अल्फा कणांच्या आहेत. सात वस्तुमानांकाच्या लिथियम केंद्रात एक प्रोटॉन शिरून त्याचे हेलियमच्या दोन केंद्रांत विभाजन होत होते. या दोन हेलियम केंद्रांचे एकत्रित वस्तुमान मूळच्या लिथियम आणि प्रोटॉनपेक्षा किंचित कमी भरते, आणि जेवढे वस्तुमान कमी होते त्याच्या हिशेबाने सुमारे १७ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा त्या कणांच्या वेगात दिसते. आइनस्टाइन यांच्या वस्तुमान-ऊर्जा समीकरणाचा ताळा अणुकेंद्रीय प्रक्रियेत असा थेट जुळला.

त्या मंडलाचे आजचे एक रूप तर पुष्कळांच्या घरी आहे. डास मारण्याच्या रॅकेटमध्ये एखाद्या लहान बॅटरीचा दाब आधी छोट्या ट्रान्सफॉर्मरने वाढवतात, आणि नंतर डायोड व कपॅसिटरच्या अशाच शिडीने तो आणखी वाढवून जाळीपर्यंत पोचवतात. डासाचा जो चटकन आवाज येतो, त्यामागे कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन यांचीच युक्ती आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॉकक्रॉफ्ट हार्वेल येथील ब्रिटिश अणुसंशोधन केंद्राचे प्रमुख झाले. होमी भाभा यांची आणि त्यांची ओळख केंब्रिजच्या दिवसांपासूनची होती, आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे कार्यान्वित झालेल्या ‘अप्सरा’ या भारताच्या पहिल्या अणुभट्टीसाठी समृद्ध युरेनियमचे इंधन ब्रिटनमधूनच आले. याच काळातली आणखी एक गोष्ट त्यांच्या स्वभावावर चांगला प्रकाश टाकते. इंग्लंडमधील विंडस्केल येथे प्लुटोनियम तयार करणाऱ्या दोन अणुभट्ट्या बांधल्या जात होत्या. त्या हवेने थंड केल्या जाणार होत्या आणि ती हवा सुमारे १२० मीटर उंचीच्या धुराड्यांतून बाहेर सोडली जाणार होती. बांधकाम बरेच पुढे गेल्यावर कॉकक्रॉफ्ट यांनी धुराड्यांना गाळण्या बसवण्याचा हट्ट धरला. खाली जागा उरलेली नसल्याने त्या अवजड गाळण्या थेट धुराड्यांच्या माथ्यावर चढवाव्या लागल्या, खर्च वाढला, आणि कामगारांपासून अभियंत्यांपर्यंत सगळे त्यांना ‘कॉकक्रॉफ्टचा खुळेपणा’ म्हणू लागले. १० ऑक्टोबर १९५७ रोजी पहिल्या अणुभट्टीत इंधनाला आग लागल्याचे उघड झाले. किरणोत्सारी आयोडीन बाहेर पडलेच आणि सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातले दूध ओतून द्यावे लागले. मात्र धुराबरोबर वर चढलेले किरणोत्सारी कण मोठ्या प्रमाणात त्या थट्टेचा विषय झालेल्या गाळण्यांतच अडकले.

आता विल्किन्सन यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १४ जुलै १९२१ रोजी टॉडमॉर्डनजवळच्या स्प्रिंगसाइड या वस्तीत झाला. वडील घरे रंगवण्याचा व्यवसाय करीत आणि आई लहान वयातच गिरणीत कामाला लागली होती. मामांच्या सासरी औषधांसाठी लागणारे क्षार बनवण्याचा छोटा कारखाना होता. तिथल्या प्रयोगशाळेत लुडबुड करता करता या मुलाला रसायनशास्त्राची गोडी लागली. १९३२ साली, म्हणजे केंब्रिजमध्ये लिथियमचे केंद्र फुटले त्याच वर्षी, परगण्याची शिष्यवृत्ती मिळवून ते टॉडमॉर्डनच्या शाळेत दाखल झाले. ही शिष्यवृत्ती नसती तर काय झाले असते, हे सांगायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

ल्यूक सटक्लिफ यांच्याविषयी लिहिताना इथेच जरा सावध राहावे लागते. दोन नोबेल विजेते घडवणारा शिक्षक, असे वाक्य लिहिण्याचा मोह सहज होतो. पण भौतिकशास्त्राचे शिक्षक कॉकक्रॉफ्ट यांचेच होते हे नमूद करताना विल्किन्सन यांनी तो विषय आपला आवडता कधीच नव्हता, हेही तितक्याच मोकळेपणाने सांगून टाकले आहे. शिक्षकाचे मोठेपण याने कमी होत नाही. गिरणी-गावातील अनुदानित शाळेत दोन दशकांहून अधिक काळ भौतिकशास्त्र नीट शिकवले जात राहिले, त्यामुळे मुलांना राष्ट्रीय पातळीवरच्या शिष्यवृत्त्या मिळत राहिल्या, आणि मुलाने पुढे कोणते शास्त्र निवडावे हे त्याच्यावर सोडले गेले, हे श्रेय मला अधिक खरे वाटते.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात पदवी घेऊन विल्किन्सन १९४३ च्या जानेवारीत युद्धकालीन अणुप्रकल्पासाठी कॅनडाला गेले. पुढच्याच वर्षी माँट्रियलच्या त्या प्रयोगशाळेचे संचालक म्हणून आले ते जॉन कॉकक्रॉफ्ट. एका शाळेतून निघालेले दोघे असे अटलांटिकच्या पलीकडे एकाच कामावर जमले, आणि त्या प्रकल्पातूनच १९४५ च्या सप्टेंबरात चॉक रिव्हर येथे अमेरिकेबाहेरची पहिली अणुभट्टी चालू झाली. त्यानंतर चार वर्षे विल्किन्सन यांनी बर्कलीत रसायनशास्त्रज्ञ ग्लेन सीबॉर्ग यांच्याबरोबर सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने नवे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू, तयार केले. एवढ्यावर ते थांबले असते तर त्यांचे नाव फक्त अणुरसायनाच्या तज्ज्ञांनाच ठाऊक असते.

१९५१ च्या अखेरीस नारिंगी रंगाच्या एका नव्या स्फटिकी संयुगाची माहिती प्रसिद्ध झाली. त्यात लोखंडाचा एक अणू आणि पाच-पाच कार्बनांची दोन कडी होती. कार्बन आणि लोखंड यांचा थेट बंध असलेली संयुगे सहसा टिकत नाहीत, पण हे संयुग १७० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळे आणि तरीही विघटित होत नसे. त्याची सुरुवातीला सुचवलेली रचना हार्वर्डमध्ये नुकतेच रुजू झालेल्या विल्किन्सन यांना पटली नाही. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्ड यांच्यासह त्यांनी १९५२ साली मांडले की लोखंडाचा अणू दोन समांतर कड्यांच्या मधोमध बसलेला असून तो दोन्ही कड्यांतील दहाही कार्बनांशी सारखाच बांधलेला आहे. म्युनिकमध्ये अर्न्स्ट ओटो फिशर स्वतंत्रपणे याच निष्कर्षावर आले. या संयुगाला फेरोसीन हे नाव मिळाले आणि सेंद्रिय-धातू रसायनशास्त्राचे नवे दालन उघडले. १९७३ चे नोबेल विल्किन्सन आणि फिशर यांना विभागून देण्यात आले. आपल्याला वगळल्याबद्दल वुडवर्ड यांनी नोबेल समितीला पत्र लिहून नाराजी कळवली होती, आणि ती अनाठायी होती असे म्हणवत नाही.

हार्वर्डने विल्किन्सन यांना कायम केले नाही. १९५६ च्या प्रारंभी ते इम्पीरियल कॉलेजात प्राध्यापक म्हणून परतले. हार्वर्डमधील त्यांचे विद्यार्थी अल्बर्ट कॉटन यांच्यासह लिहिलेला त्यांचा असेंद्रिय रसायनशास्त्राचा ग्रंथ १९६२ साली निघाला. आपल्याकडील एम.एस्सी.चे विद्यार्थी त्याला नुसते ‘कॉटन-विल्किन्सन’ म्हणतात. १९६० च्या दशकाच्या मध्यास त्यांच्या प्रयोगशाळेत एक लालसर संयुग तयार झाले. त्यात ऱ्होडियमच्या अणूभोवती एक क्लोरीन आणि फॉस्फरसयुक्त तीन अवजड गट असतात. कार्बनच्या दुहेरी बंधावर हायड्रोजन चढवण्यासाठी तोवर साधारणपणे घन धातूची पूड वापरीत, आणि बऱ्याचदा जास्त दाब किंवा तापमानही लागे. हे संयुग द्रावणात विरघळून, उत्प्रेरक म्हणून म्हणजे स्वतः खर्ची न पडता, तेच काम खोलीच्या तापमानाला आणि साध्या वातावरणीय दाबाला करू लागले. त्यातील एक अवजड गट गळून पडतो आणि रिकाम्या झालेल्या बाजूने हायड्रोजनचे दोन्ही अणू ऱ्होडियमला चिकटतात. मग दुहेरी बंध असलेला रेणू तेथे येऊन टेकतो, हायड्रोजन त्याच्यावर सरकतो आणि तयार झालेला रेणू निघून गेला की धातू पुढच्या फेरीला मोकळा होतो. उरलेल्या गटांच्या गर्दीमुळे ज्या दुहेरी बंधाभोवती जागा मोकळी आहे तोच आधी सापडतो, म्हणून एकाच रेणूतील दोन दुहेरी बंधांपैकी हवा तो निवडता येतो.

मोन्सँटो कंपनीतील विल्यम नोल्स यांनी या उत्प्रेरकातील फॉस्फरसयुक्त गटांच्या जागी डावे-उजवेपण असलेले गट बसवले. त्यामुळे रेणूच्या परस्परांच्या आरशातील प्रतिमेसारख्या दोन रूपांपैकी मुख्यतः एकच तयार होऊ लागले, आणि या पद्धतीने पार्किन्सनच्या आजारावरील एल-डोपा हे औषध १९७० च्या दशकात कारखान्यात बनू लागले. नोल्स यांना २००१ साली नोबेल मिळाले. विल्किन्सन यांचे निधन त्याआधी पाच वर्षे, १९९६ च्या सप्टेंबरात झाले होते.