महागडी टाइल म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे

जुळे सोलापुरात पहिलं घर घेणारे अनेकजण अजूनही ऐकून येतात: ‘भारी टाइल्स लावा, बाथरूम गळणार नाही.’ हे खरं नाही. टाइलमधून पाणी फारसं झिरपत नाही, पण सिमेंटच्या सांध्यांतून झिरपतं. नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी वाहून जाण्याचं जाळीचं तोंड, आणि पाइप यांच्या कडेनंही उतरतं. ते अडवतो टाइलखालचा वॉटरप्रूफिंगचा थर, आणि खर्च कापताना नेमका तोच आधी कापला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. नळ किंवा टाइल नंतर बदलता येते. या थरासाठी मात्र सगळी फरशी उखडावी लागते.

म्हणून बजेटमध्ये आधी प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग लिहा, टाइल्स त्यानंतर. थर भिंतीवर किमान फूटभर, शॉवरपाशी डोक्याच्या वर न्यावा. तो वाळल्यावर ट्रॅप बंद करून पाणी भरा, किमान 24 तास ठेवा, खालच्या छताला ओल येते का पाहा. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा ही चाचणी पाण्याच्या दिवशीच धरा. गवंडी घाई करेल. चाचणीआधी फरशी बसवू देऊ नका.