अल्काँचा मृत्यू पुस्तकांच्या कपाटाखाली झाला नव्हता
कॉन्चेर्तो ही एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना ऑर्केस्ट्राविना एकट्या पियानोवर अख्खी उभी करणारा (ओपस ३९, १८५७) पॅरिसचा संगीतकार शार्ल-व्हॅलांतँ अल्काँ अनेकांना दुर्दैवाने एका दंतकथेमुळेच ठाऊक असतो: वरच्या फळीवरचा तालमूद हा ज्यूंचा धर्मग्रंथ काढताना कपाट अंगावर कोसळून तो गेला, असे सांगतात. प्रत्यक्षात, त्याच्या एका शिष्याच्या पत्रानुसार, मार्च १८८८ मध्ये चौऱ्याहत्तर वर्षांचा अल्काँ स्वयंपाकघरात छत्र्या ठेवण्याच्या जड स्टँडखाली कण्हत पडलेला आढळला. तोल जाताना आधारासाठी त्याने तोच धरला असावा. त्याला उचलून बिछान्यावर नेण्यात आले आणि त्याच संध्याकाळी त्याचे निधन झाले. कपाटाची गोष्ट मुळात अठराव्या शतकातील फ्रान्समधील मेत्झ शहराच्या एका रब्बींविषयी (ज्यू धर्मगुरूंविषयी) सांगितली जात असे, आणि अल्काँचे घराणेही त्याच भागातले होते.