मागणीबरहुकूम यांत्रिक घड्याळ

एका ठरावीक ग्राहकासाठी, त्याच्या पसंतीप्रमाणे जुळवलेले किंवा मुळापासून घडवलेले, बॅटरीशिवाय स्प्रिंगच्या ताणावर चालणारे घड्याळ. या एकाच नावाखाली दोन फार वेगळ्या वस्तू खपतात. एकीत कारखान्यात तयार झालेली मूव्हमेंट, म्हणजे घड्याळाचे आतले यंत्र, विकत घेतात आणि तिच्यावर हवी ती तबकडी, काटे व केस, म्हणजे बाहेरचे कवच, चढवतात. दुसरीत घड्याळजी चाके, पट्ट्या, स्क्रू इतकेच काय, काटेसुद्धा स्वतः कापतो. बहुतेक घड्याळे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतात, म्हणून ‘हाताने बनवलेले’ हे शब्द दिसले की नेमके काय काय हाताने बनवले, हे विचारून घेतलेले बरे.

यंत्र मात्र दोन्हींत एकाच तत्त्वावर चालते. चावी दिली की डबीत गुंडाळलेली पोलादी पट्टी, म्हणजे मुख्य स्प्रिंग, ताणली जाते. ऑटोमॅटिक घड्याळात हेच काम मनगटाच्या हालचालीने फिरणारे अर्धगोल वजन करते. मोकळी सोडली तर ही स्प्रिंग काही क्षणांत उलगडून जाईल. ती दीड-दोन दिवस पुरवायची, तर तिची शक्ती चिमूट चिमूट सोडायला हवी. डबीपासून निघालेली दातेरी चाकांची रांग वेग वाढवत नेते : एक चाक तासाला एक फेरा घेते, पुढचे एक मिनिटाला एक. रांगेच्या शेवटी असते एस्केपमेंट.

एस्केपमेंटच्या चाकाला वाकडे, टोकदार दात असतात. त्यांच्या आड दोन माणकांची एक छोटी दुबेळकी येते, तिला पॅलेट फोर्क म्हणतात. एक माणिक दात अडवते. बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झोके घेत वेळ मोजणारे चाक, झोका घेत आले की दुबेळकी कलते, दात सुटतो, सुटता सुटता बॅलन्सला हलकासा धक्का देतो आणि लगेच दुसऱ्या माणकावर आदळतो. कानाला लावल्यावर ऐकू येणारी टिकटिक मुख्यतः या अडण्या-सुटण्याचीच असते. सेकंदाला ५ ठोके देणाऱ्या जुन्या धाटणीच्या घड्याळात हे चाक साधारणपणे १५ दातांचे असते. दर दातामागे दोन ठोके, म्हणजे एका फेऱ्याला ३० ठोके आणि ६ सेकंद. मिनिटाला एक फेरा घेणारे चाक एकदा फिरेपर्यंत हे दहादा फिरते. ही लिव्हर पद्धत टॉमस मज या इंग्रज घड्याळजीने १७५५ च्या सुमारास काढली आणि आजही जवळपास सगळी यांत्रिक मनगटी घड्याळे तिच्यावरच चालतात.

झोक्याला शिस्त लावते ती हेअरस्प्रिंग : केसापेक्षाही पातळ पट्टीचे सपाट वेटोळे. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्सने १६७५ मध्ये ती घड्याळात आणली. साध्या पोलादाची हेअरस्प्रिंग उष्णतेने मऊ पडते व घड्याळ मागे पडते. शार्ल एद्वार गिय्योम यांनी निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवर केलेल्या कामाने हा दोष आटोक्यात आला. त्या कामासाठी त्यांना १९२० चे भौतिकीचे नोबेल मिळाले. हेअरस्प्रिंग बनवणे इतके कठीण आहे की सगळे स्वतः करण्याचा आग्रह धरणारे घड्याळजीही बहुधा ती विकतच घेतात. घर्षण कमी करणारी माणकेही बाहेरूनच येतात, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ती कृत्रिम असतात. त्यामुळे ‘इतक्या ज्वेल्सचे घड्याळ’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याचे ऐकू नये.

तयार मूव्हमेंटवर घड्याळ जुळवणे वाटते तितके सोपे नाही. ईटीए या स्विस कंपनीची २८२४ आणि जपानच्या सेको गटाची एनएच३५ या दोन तयार मूव्हमेंटना तासकाट्याचे भोक १.५० मिमी. व मिनिटकाट्याचे ०.९० मिमी. लागते, पण सेकंदकाट्याला पहिलीत ०.२५ आणि दुसरीत ०.२० मिमी. एवढ्याशा फरकाने एकीचा काटा दुसरीवर सैल बसतो. तबकडीचे पायही मूव्हमेंटच्या भोकांत नेमके उतरावे लागतात. तारखेची खिडकी असेल तर ती चावीच्या जागेशी जुळावी लागते, नाहीतर आकडा अर्धाच डोकावतो.

दुसऱ्या टोकाचे सर्वांत ठळक नाव जॉर्ज डॅनियल्स (१९२६–२०११). आइल ऑफ मॅनवरच्या कार्यशाळेत त्यांनी केस, तबकडी आणि यंत्र एकट्याने घडवले. कमी तेलावर चालणारी त्यांची को-ॲक्सियल एस्केपमेंट ओमेगा या स्विस कंपनीने १९९९ पासून वापरात आणली. बॅटरीवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे १९६९ मध्ये बाजारात आल्यावर यांत्रिक घड्याळाची गरज संपलीच होती. तरी १९८५ मध्ये स्वेन्ड आन्डरसन व विन्चेन्त्सो कालाब्रेझे यांनी स्वतंत्र घड्याळजींची अकादमी स्थापली, ती आजही चालू आहे.

मागणी देणाऱ्याला धीर लागतो. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी पॅरिसचा घड्याळजी ब्रेगे याच्याकडे १७८३ मध्ये नोंदवलेले घड्याळ १८२७ मध्ये पूर्ण झाले. राणीला १७९३ मध्येच मृत्युदंड झाला होता आणि अब्राहम-लुई ब्रेगेही १८२३ मध्ये वारला होता. याच ब्रेगेने १८०१ मध्ये तूर्बियाँचे पेटंट घेतले : खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळाची चूक सरासरीत विरावी म्हणून बॅलन्ससकट एस्केपमेंटच गोल फिरवायची. मनगट सतत हलत असल्याने तिथे तिचा उपयोग बेताचाच, पण ग्राहक अजूनही आधी तीच मागतात.

सजावटीत निळे स्क्रू डोळ्यांत भरतात. पितळेच्या किसावर ठेवून तापवलेले पोलाद आधी गवती पिवळे, मग तपकिरी, जांभळे आणि ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गडद निळे होते. क्षणभर उशीर झाला की निळाई फिकटते आणि स्क्रू पुन्हा घासून सुरुवात करावी लागते.

खरी परीक्षा शेवटी, वेळ लावताना. सेकंदाला ८ ठोके देणारे घड्याळ दिवसात ६,९१,२०० ठोके देते; त्यांत ४० जास्त पडले तर ते ५ सेकंद पुढे जाते. तबकडी वर करून आडवे ठेवले तर बॅलन्सचा अक्ष टोकावर टेकतो आणि झोका मोठा पडतो. उभे धरले की अक्षाची बाजू घासते, झोका आखूड होतो आणि वेगही बदलतो. म्हणून घड्याळजी ते मायक्रोफोन लावलेल्या यंत्रावर निरनिराळ्या स्थितींत ऐकतो आणि हेअरस्प्रिंगची लांबी किंवा बॅलन्सच्या कडेवरचे वजन रेसभर बदलतो. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरच्या, म्हणजे अचूक घड्याळाच्या, दाखल्यासाठी १५ दिवस, ५ स्थिती आणि ३ तापमानांत चाचणी होते. रोजची सरासरी −४ ते +६ सेकंदांत बसावी लागते.

काही वर्षांनी तेल सुकते आणि घड्याळ उघडून साफ करावे लागते. तयार मूव्हमेंटचे भाग तेव्हा विकत मिळतात. मुळापासून घडवलेल्या घड्याळाचा बॅलन्सचा अक्ष मोडला, तर मात्र तो कोणीतरी लेथवर पुन्हा कातावा लागतो, आणि त्यासाठी मूळ मापे लिहून ठेवलेली असावी लागतात.