खाली तेलाचा डाग, मागे निळा धूर

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गूळ उतरवायला लागलेली एखादी जुनी पिकअप पाहा. चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भागाखाली, तेलाचा डाग आणि स्टार्टर मारला की सायलेन्सरमधून निळसर धूर. मालक डागासाठी ऑइल सील बदलतो, धुरासाठी पंप-नोझल तपासून घेतो. दोन्हींवर पैसे जातात आणि थोड्याच दिवसांत तेल पुन्हा ठिबकू लागतं. कारण पुष्कळदा या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असतं, आणि ते इंजिनाच्या आत असतं.

डिझेल इंजिनात हवा साधारण १६ ते १८ पट आकसेपर्यंत दाबली जाते. पिस्टनच्या रिंगा हा दाब वर अडवून धरतात, तरी थोडा वायू फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतोच. नव्या इंजिनातही उतरतो. तो बाहेर पडावा म्हणून ब्रीदर पाइप दिलेला असतो. रिंगा झिजल्या किंवा बोअरवरच्या (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याच्या आतल्या भिंतीवरच्या) होनिंगच्या, म्हणजे तेल धरून ठेवायला मुद्दाम पाडलेल्या, बारीक तिरक्या रेषा घासून गुळगुळीत झाल्या, की वायू वाढतो आणि त्याच वाटेने तेल वर जाऊन जळतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री-मशीनशॉपमध्ये काम करणाऱ्यांना या रेषांचं मोल वेगळं सांगायला नको.

चेंबरमध्ये उतरणाऱ्या या वायूच्या दाबालाच मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. भरल्या गाडीने करूळ घाट चढताना ते सर्वात जास्त असतं. त्यात ब्रीदर काजळीने तुंबलेला असेल, तर शिट्टी अडकलेल्या कुकरसारखी चेंबरची गत होते. दाब टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून, क्रँकच्या सीलमधून तेल बाहेर ढकलतो. टर्बोतून (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्यातून) चेंबरमध्ये परतणारं तेलही या दाबामुळे अडतं, टर्बोच्या सीलमधून हवेच्या किंवा सायलेन्सरच्या बाजूला झिरपतं आणि निळा धूर होतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, की सील बदलण्याआधी ब्रीदर साफ करून घ्या. काम स्वस्त आहे आणि नेमकं तेच राहून जातं. इंजिन आयडलवर असताना तेलाचं झाकण जपून सैल करून पाहा. किंचित वाफ चालते; भकाभका धूर आला तर रिंगांची तपासणी हवी.

गळती शोधताना सर्वात खालची ओली जागा फसवते. तेल ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं. इंजिन धुऊन, थोडं चालवून सर्वात वर कुठे ओल दिसते ते पाहावं.

काळा धूर असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर बघा. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल, तर हेड गॅसकेटवर संशय घ्यावा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाच्या कडक निकषाच्या) डिझेल गाड्यांत जळणारं तेल आणखी महागात पडतं. धुराच्या वाटेवरच्या डीपीएफ गाळणीत साठलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जळून जाते, पण तेलातल्या कॅल्शियम, जस्ताची राख जळत नाही, ती तिथेच साचते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं, कंपनीने सांगितलेलंच तेल घालावं. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत काजळी पुरती जळत नाही. ती जाळण्यासाठी वारंवार सोडलेलं जादा डिझेल काही इंजिनांत चेंबरमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर तेल वाढलेलं दिसतं. तेल वाढलं म्हणून खूश होऊ नये. ते पातळ झालेलं असतं, लगेच बदलावं.